प्रश्न वाचकांचे : समाजमाध्यमांवर टाकायच्या छायाचित्रांची तयारी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : फोनमध्ये किंवा संगणकावर उत्तम दिसणारे छायाचित्र इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर टाकले की त्याची रया जाते. ही माध्यमे आपण दिलेली फाईल जशीच्या तशी ठेवत नाहीत. कोट्यवधी लोकांना ती झटपट दिसावी म्हणून तिची मापे कमी करतात आणि वर तिच्यातील माहितीही छाटतात. ही छाटणी आपल्याला थांबवता येत नाही. मात्र ती होण्यापूर्वी मूळ छायाचित्रावरून एकदाच आणि विचारपूर्वक छाटणी आपण स्वतः केली, तर काय जावे आणि काय राहावे हे पुष्कळसे आपल्या हातात राहते. पुढील उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

प्रश्न : आमचे कोल्हापुरी चपलांचे पिढीजात दुकान आहे आणि दुकानाचे इन्स्टाग्राम खाते मी सांभाळते. कापशी चपलेवरील वेणी, गोंडे आणि पट्ट्यावरची शिलाई फोनमध्ये स्वच्छ दिसते. पोस्ट केल्यावर मात्र सारे गुळगुळीत होऊन जाते. चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय हे सुधारणार नाही, असे मामंजी म्हणतात. खरेच घ्यावा लागेल का?
– एक वाचक, चप्पल लाईन, कोल्हापूर

उत्तर : कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी थोडे गणित मांडून पाहावे. सध्याच्या बहुतेक फोनवर काढलेले उभे छायाचित्र सुमारे ३००० बाय ४००० पिक्सेलचे, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलचे (बारीक रंगीत ठिपक्यांचे) असते. इन्स्टाग्राम १०८० पिक्सेलपेक्षा अधिक रुंदी ठेवत नाही, त्यामुळे तेच छायाचित्र तेथे १०८० बाय १४४०, म्हणजे साडेपंधरा लाख पिक्सेलचे उरते. जवळजवळ आठ पिक्सेलमागे एक शिल्लक राहतो. मामंजींनी लाखभर रुपये मोजून कॅमेरा आणला, तरी त्यातून निघालेल्या छायाचित्रालाही याच १०८० पिक्सेलच्या चौकटीतून जावे लागेल.

आता हे १०८० पिक्सेल चपलेवर कसे वाटले जातात ते पाहू. जोड मांडून, भोवतालची थोडी जागा धरून, ४० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य आपण टिपले असेल, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला तीन पिक्सेलसुद्धा येत नाहीत. वेणीचा एकेक पदर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा आणि शिलाईचा दोरा त्याहूनही बारीक असल्यामुळे तो दाखवायला पिक्सेलच उरत नाहीत. म्हणून पहिला उपाय संगणकावरचा नसून छायाचित्र काढतानाचा आहे : जवळ जावे. एका पोस्टमध्ये अनेक छायाचित्रे देता येतात, तेव्हा पहिले पूर्ण जोडाचे आणि दुसरे केवळ वेणी-गोंड्याचे, १५ सेंटिमीटर रुंदीपुरते घ्यावे. त्यात मिलिमीटरला सात पिक्सेल मिळतात आणि शिलाईचा टाका न् टाका मोजता येतो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचा जाणकार ग्राहक हातकामच पाहत असतो, त्यामुळे हे दुसरे छायाचित्र पहिल्यापेक्षा महत्त्वाचे ठरू शकते.

दुसरा उपाय म्हणजे लहान करण्याचे काम इन्स्टाग्रामवर न सोडता स्वतः करणे. आधी प्रकाश, रंग आणि चौकट यांचे सगळे संपादन मूळ आकारातच पूर्ण करावे. नंतर छायाचित्राची रुंदी १०८० पिक्सेलवर आणावी. उंचीसाठी ३:४ या प्रमाणात १४४० किंवा ४:५ या प्रमाणात १३५० पिक्सेल ठेवता येतात. ३:४ प्रमाणाला इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये परवानगी दिली आणि फोनचे उभे छायाचित्र मुळातच त्याच प्रमाणाचे असल्यामुळे आता ते कापावेही लागत नाही. त्यापूर्वी ४:५ हीच उभ्या छायाचित्राची मर्यादा होती आणि जुन्या सल्ल्यांमध्ये तीच सापडते. एका पोस्टमधील सर्व छायाचित्रे मात्र एकाच प्रमाणाची असावीत, नाहीतर काहींच्या कडा आपोआप कापल्या जातात.

आकार लहान केला की कडा किंचित मऊ पडतात, म्हणून त्यानंतर आणि अगदी शेवटी हलके शार्पनिंग द्यावे. हा क्रम उलटवू नये. मूळ मोठ्या छायाचित्रावर दिलेले शार्पनिंग लहान करताना बहुतांशी विरून जाते, आणि ते टिकावे म्हणून जास्त दिले तर चपलेच्या कडांभोवती पांढरी रेघ उमटते. त्यानंतर जेपेग (जेपीजी) स्वरूपात, क्वालिटी ८० ते ८५ च्या दरम्यान ठेवून फाईल साठवावी. १०० ठेवल्याने फाईल कित्येक पटींनी फुगते, आणि इन्स्टाग्राम ती पुन्हा छाटणारच असल्यामुळे त्या जादा वजनाचा उपयोग होत नाही. ७० च्या खाली गेल्यास आपली छाटणी आणि त्यांची छाटणी या दोहोंचे डाग एकत्र दिसू लागतात.

ही सारी कामे गिम्प या विनामूल्य संगणक-प्रणालीत होतात. केवळ आकार आणि क्वालिटी बदलायची असेल, तर गूगलचे स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्ये चालते आणि छायाचित्र आपल्या यंत्राबाहेर न पाठवता काम करते. आधीचे आणि नंतरचे रूप शेजारी-शेजारी पाहता येत असल्यामुळे नवशिक्यांना आम्ही तेच सुचवतो. शेवटी, इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये डेटा वापर आणि मीडिया क्वालिटीच्या सदरात ‘अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी’ हा पर्याय आहे, तो सुरू आहे की नाही हे पाहावे. तो बंद असल्याने पुष्कळांची मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न : आमच्या तालमीच्या कार्यक्रमांचे फ्लेक्स डीटीपीवाला कोरल ड्रॉमध्ये तयार करतो आणि त्याचीच जेपीजी फाईल आम्हाला ग्रुपवर टाकायला देतो. फ्लेक्स सुंदर छापून येतो, पण फेसबुकवर तोच टाकला की रंग भलतेच दिसतात, भगव्यावरची लाल अक्षरे फिसकटतात आणि खालची नावे तर वाचताच येत नाहीत. दोष डीटीपीवाल्याचा की फेसबुकचा?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

उत्तर : दोष दोघांनाही देण्याचे कारण नाही, छपाईसाठी केलेली वस्तू पडद्यावर वापरली जात आहे, एवढेच. तरीही आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणेही वेगळी आहेत.

भलत्याच रंगांचे कारण असे की, छपाईची फाईल सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंच्या भाषेत असते, तर फोनचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने, म्हणजे आरजीबीने, रंग घडवतो. सीएमवायके फाईल थेट चढवली की तिचे रूपांतर माध्यम आपल्या पद्धतीने करते आणि त्यात भगवा विटकरी, तर निळा जांभळट होऊ शकतो. डीटीपीवाल्याला एवढेच सांगावे की, समाजमाध्यमासाठी वेगळी फाईल आरजीबीमध्ये आणि एसआरजीबी या रंगप्रमाणानुसार एक्स्पोर्ट करून द्यावी. त्याला हे दोन शब्द पुरेसे आहेत.

अक्षरे फिसकटण्याचे कारण जेपेगच्या घडणीत आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जेपेगचे प्रमाण १९९२ साली ठरले. त्याच्या मुळाशी जी गणिती पद्धत आहे ती बेंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली होती. आपण रोज फॉरवर्ड करतो त्या शुभेच्छा-चित्रांपर्यंत तिचा वापर आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. या पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातील हळूहळू बदलणाऱ्या छटा जपून बारीक, झटकन बदलणारे तपशील कमी-अधिक प्रमाणात टाकून दिले जातात. आकाश, चेहरा, भिंत यांना ते चालते, कारण त्यांत अचानक बदल थोडे असतात. अक्षराची कड मात्र म्हणजेच अचानक बदल. त्यामुळे अक्षरांच्या भोवती डासांसारखे ठिपके उठतात.

दुसरी गोष्ट रंगांची. माणसाचा डोळा उजेड-अंधारातील फरक बारकाईने टिपतो, रंगातील फरक तेवढ्या बारकाईने टिपत नाही. याचा फायदा घेऊन जेपेगमध्ये बहुधा उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला, पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच ठेवली जाते. पांढऱ्यावर काळे अक्षर असले तर फरक उजेडाचा असल्यामुळे ते टिकते. भगव्यावर लाल अक्षरात उजेडाचा फरक थोडा आणि सारी मदार रंगावर, म्हणजे जी माहिती आधीच चौथाईवर आली आहे तिच्यावर असते. म्हणून तेच अक्षर फिसकटते. भगवी पार्श्वभूमी तालमीला सोडायची नसेल तर सोडू नये; अक्षरे पांढरी किंवा गडद काळी-तपकिरी करावीत, अथवा लाल अक्षरांना जाडसर पांढरी बाह्यरेषा द्यावी. एवढ्याने फार मोठा फरक पडतो.

तिसरी तक्रार न वाचता येणाऱ्या नावांची, आणि येथे कोणतेही तंत्र कामाला येणार नाही. दहा फूट रुंदीचा फ्लेक्स फोनच्या सात सेंटिमीटर पडद्यावर आला की त्यावरील तीस-चाळीस चेहरे आणि त्यांखालची नावे कुणालाच वाचता येणार नाहीत, मग फाईल कितीही मोठी असो. १०८० पिक्सेल रुंद चित्रात ४० पिक्सेल उंचीचे अक्षर फोनवर सुमारे अडीच मिलिमीटरचे दिसते. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे याहून लहान अक्षरात अनुस्वार आणि मात्रा आधी नाहीशा होतात, आणि मग सन्माननीय पाहुण्यांच्या नावाचे काय होते ते सांगायला नको. तेव्हा पोस्टसाठी वेगळी मांडणी करावी : कार्यक्रम, वेळ, स्थळ आणि एखादे छायाचित्र. बाकीची नावे पोस्टच्या मजकुरात लिहावीत. तेथे ती शोधताही येतात, आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर यावरून होणारी नाराजीही टळते.

केवळ अक्षरे आणि सपाट रंग असलेले असे निमंत्रण पीएनजी या माहिती न टाकणाऱ्या स्वरूपात साठवावे. फेसबुक स्वतःही बोधचिन्ह किंवा मजकूर असलेल्या चित्रांसाठी पीएनजीच सुचवते. पानावरील कव्हरचे माप संगणकावर ८५१ बाय ३१५ आणि फोनवर ६४० बाय ३६० असे वेगवेगळे दिसत असल्यामुळे तालमीचे नाव मधल्या भागात घ्यावे, कडेला नेऊ नये. स्टोरीसाठी १०८० बाय १९२० ची उभी मांडणी लागते आणि तीत वरचे सुमारे २५० व खालचे सुमारे ३५० पिक्सेल मोकळे सोडावेत, कारण तेथे खात्याचे नाव आणि उत्तराची चौकट येते.

प्रश्न : चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत मी कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली. घरच्या संगणकावर गुलाल झळाळून दिसतो. फेसबुकवर टाकल्यावर तो फिका, काहीसा राखाडी दिसतो. शिवाय गुलालाने माखलेल्या काही चेहऱ्यांवर नाक-डोळे सोडून सपाट गुलाबी पट्टाच दिसतो. दोन्हींचे कारण एकच आहे का?
– एक हौशी छायाचित्रकार, कसबा बावडा

उत्तर : कारणे दोन आहेत. फिकेपणाचे कारण बहुधा कॅमेऱ्याचे सेटिंग हे असावे. मेनूमध्ये ‘कलर स्पेस’ या ठिकाणी अॅडोबी आरजीबी निवडलेले आहे का, ते पाहावे. १९९८ साली आलेले हे रंगप्रमाण छपाईसाठी सोयीचे आणि एसआरजीबीपेक्षा विस्तृत आहे. १९९६ साली मांडले गेलेले एसआरजीबी हेच इंटरनेटचे सर्वमान्य प्रमाण आहे. विस्तृत प्रमाणात लिहिलेले रंगांचे आकडे लहान प्रमाणाचे समजून वाचले गेले, तर प्रत्येक रंग थोडा थोडा विटतो आणि गुलालासारखा भडक रंग सर्वांत आधी विटतो. चढवण्यापूर्वी संपादन-प्रणालीत ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरून छायाचित्र एसआरजीबीमध्ये आणावे. त्याच मेनूतील ‘असाइन प्रोफाइल’ हा पर्याय दिसायला जुळा असला तरी तो आकडे न बदलता फक्त लेबल बदलतो. तो वापरल्यास आज दिसतो तोच फिकेपणा कायमचा होईल. पुढील यात्रेला कॅमेराच एसआरजीबीवर ठेवला तर हा प्रश्न उद्भवणार नाही. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये, काढत असाल, तर हे सेटिंग रॉ फाईलला लागू होत नाही. निर्णय एक्स्पोर्ट करताना घ्यायचा असतो.

सपाट पट्ट्याचे कारण मात्र फेसबुकपर्यंत पोहोचण्याच्या आधीच घडलेले आहे. उन्हात गुलालाचा लाल घटक इतका प्रखर असतो की कॅमेऱ्यात लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाची वेगळी नोंद, तिच्या कमाल आकड्यावर, २५५ वर, जाऊन थांबते आणि चेहऱ्यावरच्या छटांतील फरक तेथेच संपतो. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) त्या वेळी ठीकठाक दिसतो, कारण हिरवी आणि निळी वाहिनी मर्यादेत असतात. म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय सुरू करावा आणि गुलालाच्या उधळणीत उजेड अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी धरावा. थोडे काळोखे आलेले छायाचित्र नंतर उजळता येते, पण नाहीशी झालेली छटा परत आणता येत नाही. ज्या छायाचित्रांत हे घडून गेले आहे, त्यांत गुलाबी रंगाची तीव्रता उतरवून पाहावी. चेहरा परत येणार नाही, पण पट्टा डोळ्यांत भरणार नाही. मुखपृष्ठाला म्हणून अशी छायाचित्रे निवडू नयेत, असे आमचे मत आहे.

प्रश्न : गुजरीतील आमच्या पेढीचे साजाचे फोटो थोरले दीर काढतात आणि व्हॉट्सॲपवर मला पाठवतात. मी ते सजवून पुन्हा ग्रुपवर तपासायला टाकते, तेथून पुतण्या ते उतरवून इन्स्टाग्रामवर टाकतो. पानांवरची नक्षी दिसेनाशी होते. कुठे चुकते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कुटुंबातील कामाची वाटणी चांगली आहे, फक्त वाट बदलायला हवी. दिरांनी पाठवताना व्हॉट्सॲपने एकदा आकार आणि दर्जा कमी केला. आपण सजवून साठवताना जेपेगची दुसरी फेरी झाली. ग्रुपवर टाकताना तिसरी आणि इन्स्टाग्रामवर चौथी. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचे डागसुद्धा चित्राचाच भाग समजून जपले जातात आणि खऱ्या नक्षीतील आणखी काही जाते. नुसते फॉरवर्ड करण्याने फारसे बिघडत नाही. उतरवून, बदलून, पुन्हा चढवण्याने बिघडते. स्क्रीनशॉट काढून पाठवण्याची सवय घरात कुणाला असेल तर ती सर्वांत वाईट, कारण त्यात मूळ छायाचित्राचा आकार बाजूला राहून पडद्याचा आकार येतो.

दिरांनी छायाचित्र गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे केल्यास फाईल कोणताही बदल न होता पोहोचते आणि मर्यादाही २ जीबीपर्यंतची आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून आलेला एचडीचा पर्याय नेहमीच्यापेक्षा बरा, पण तोही छाटतोच, त्यामुळे तो केवळ पाहण्यापुरता वापरावा. सजवलेली अंतिम फाईलही पुतण्याला डॉक्युमेंट म्हणूनच द्यावी. ग्रुपवर मान्यतेसाठी टाकलेली प्रत ही मान्यतेपुरतीच समजावी आणि तेथून कुणी काही उतरवू नये, एवढा नियम घरात ठरवला की निम्मे काम झाले.

प्रश्न : पीएनजी सर्वांत उत्तम असते असे ऐकून मी पैंजणांचे सगळे फोटो पीएनजी करून टाकतो. एकेक फाईल पंधरा-वीस एमबीची होते आणि चढायला वेळ लागतो. तरी फरक दिसत नाही.
– एक चांदी कारागीर, हुपरी

उत्तर : फरक दिसत नाही कारण तो पडतच नाही. १९९६ साली आलेले पीएनजी कोणतीही माहिती न टाकता फाईल लहान करते, हे खरे; पण फोनने ते छायाचित्र बहुधा जेपेगमध्येच काढलेले असते आणि त्यात गेलेले तपशील पीएनजी केल्याने परत येत नाहीत. शिवाय एवढी मोठी छायाचित्रात्मक फाईल मिळाली की माध्यमे तिचे पुन्हा आपल्या मापाचे जेपेग किंवा तत्सम काही करतात. दरपत्रक, शिक्का, बोधचिन्ह यांसाठी पीएनजी ठेवा. पैंजणांसाठी १०८० पिक्सेल रुंदीचे जेपेग करा, ते बहुधा अर्ध्या एमबीच्या आत बसेल. चांदीच्या छायाचित्रात खरी अडचण फाईलची नसतेच. घुंगरांवर थेट पडलेल्या उजेडाने जे पांढरे चट्टे उमटतात, त्यांत नक्षी जळून जाते. खिडकीला पांढरा पातळ कपडा लावून उजेड पसरट केलात तर कोणत्याही स्वरूपात तुमचे काम उठून दिसेल. आपले स्वतःचे संकेतस्थळ असेल तर तेथे वेबपी हे २०१० साली गूगलने आणलेले स्वरूप जरूर वापरावे, त्याच दर्जात फाईल जेपेगपेक्षा लहान होते.

प्रश्न : समाजमाध्यमासाठी फोटो ७२ डीपीआयचाच हवा, ३०० चालत नाही, असे क्लासमध्ये शिकवले. खरे का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : नाही. डीपीआयचा आकडा, म्हणजे एका इंचात किती ठिपके छापायचे ते, हा छपाई-यंत्रासाठी लिहिलेली सूचना आहे. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या फाईलवर ७२ लिहा किंवा ३०० लिहा, पडद्यावर ती तंतोतंत सारखीच दिसते आणि तिचे वजनही तेवढेच राहते. या आकड्याचा उपयोग उलट्या बाजूने होतो : हीच फाईल ३०० डीपीआयने छापायची झाली तर ती जेमतेम ३.६ इंच रुंद छापली जाईल. म्हणून पोस्टसाठी केलेली लहान प्रत आणि मूळ छायाचित्र वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि मूळ कधीही पुसू नये. अल्बमच्या वेळी त्याचीच आठवण होते.

प्रश्न : भाच्याच्या आयफोनवरचे फोटो आमच्या दुकानातील जुन्या संगणकावर उघडतच नाहीत. नावापुढे एचईआयसी असे दिसते.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : २०१७ पासून आयफोन छायाचित्रे या नव्या, कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवतो आणि जुने संगणक ते ओळखत नाहीत. भाच्याला सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगावे. पुढची छायाचित्रे जेपेगमध्ये निघतील. आधीची छायाचित्रे संगणकावर बदलत बसण्यापेक्षा त्याने आयफोनवरूनच इन्स्टाग्रामवर टाकावीत.

प्रश्न : मी घरातूनच कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय करते. फोटोवरून घराचा पत्ता कुणालाही कळतो, असे एका मैत्रिणीने सांगितल्यापासून धास्ती बसली आहे. फोटो लहान केला की ती माहिती निघून जाते का?
– एक वाचक, कागल

उत्तर : मैत्रिणीने सांगितले त्यात तथ्य आहे, पण धास्ती बाळगण्याइतके नाही. फोनमध्ये लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर छायाचित्राच्या फाईलमध्ये, चित्राबरोबरच, एक्झिफ नावाच्या नोंदीत तारीख, फोनचे मॉडेल आणि अक्षांश-रेखांश लिहिले जातात. अंशाच्या चौथ्या दशांश स्थळापर्यंतचा आकडा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमका असतो, म्हणजे गल्लीच काय, घरही सापडते. छायाचित्र लहान केल्याने ही नोंद जातेच असे नाही. काही साधने ती काढतात, काही जशीच्या तशी पुढे नेतात.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक इतरांना दाखवायच्या प्रतीतून ही नोंद काढून टाकतात, आणि व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तरीही ती जाते. मात्र वर साजाच्या प्रश्नात सुचवल्याप्रमाणे डॉक्युमेंट म्हणून पाठवले, ईमेलने पाठवले किंवा ड्राइव्हवर ठेवले, तर ती शाबूत राहते. अनोळखी ग्राहकाला मोठी फाईल पाठवताना हा फरक लक्षात ठेवावा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये लोकेशनची नोंद बंद करणे. आधीच्या छायाचित्रांसाठी विंडोज संगणकावर फाईलवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स आणि तळाशी ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ हा पर्याय आहे.

याहून अधिक काळजी चित्रात काय दिसते याची घ्यावी. चटणीच्या बरणीमागे ठेवलेले विजेचे बिल, कुरिअरच्या खोक्यावरचे लेबल, दारावरची पाटी या गोष्टी कोणतीही छाटणी पुसत नाही, आणि पत्ता बहुधा तेथूनच बाहेर जातो.

प्रश्न : रंकाळ्यावरचा सूर्यास्त पोस्ट केला की आकाशात रंगांचे आडवे पट्टे दिसतात. मूळ फोटोत ते नाहीत. क्वालिटी १०० ठेवूनही फरक पडला नाही.
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. सूर्यास्ताच्या आकाशात केशरीपासून जांभळ्यापर्यंतचा बदल इतका सावकाश असतो की शेजारच्या दोन छटांमध्ये एखाद्या पायरीचाच फरक उरतो. माध्यमाची छाटणी अशा किरकोळ फरकांना एकाच आकड्यात बसवते आणि एकसंध उतार जाऊन त्याच्या पायऱ्या दिसू लागतात. आपण १०० क्वालिटीने फाईल दिली तरी शेवटची छाटणी त्यांचीच असल्यामुळे तिचा उपयोग झाला नाही.

संपादनात रंगांची तीव्रता आणि कॉन्ट्रास्ट फार वाढवलेला असेल तर तो आधी उतरवावा, कारण त्याने त्याच मोजक्या पायऱ्या आणखी लांब लांब ताणल्या जातात. रंकाळ्याचे आकाश मुळात पुरेसे रंगीत असते, त्याला फिल्टरची गरज पडू नये. त्यानंतर १०८० पिक्सेलवर आणलेल्या प्रतीला अगदी हलके ग्रेन द्यावे. बहुतेक संपादन-ॲपमध्ये तो पर्याय असतो. या बारीक कणांमुळे शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून किंचित वेगळे राहतात, छाटणीला सरसकट एकच आकडा लावता येत नाही आणि पट्ट्यांची कड मोडते. ग्रेन फोनवर पूर्ण पडद्यावर पाहताना जाणवू नये आणि चित्र मोठे केल्यावरच दिसावे, इतपतच ठेवावे. त्याहून जास्त दिल्यास फाईल फुगते आणि छाटणीत तेच कण चौकोनी डागांच्या रूपाने परत येतात. पोस्ट करण्यापूर्वी एखाद्या खासगी खात्यावर एकदा टाकून पाहावे आणि पट्टे राहिलेच तर ग्रेन थोडे वाढवून पुन्हा मूळ छायाचित्रावरूनच नवी प्रत करावी, आधी चढवलेली प्रत उतरवून नव्हे.